तर्कनिष्ठ सुधारक : कै. गोपाळ गणेश आगरकर

मुलांना वाक्यपृथक्करण शिकविण्यात आमची हयात गेली. उद्देश्य कोणते, विधेय कोणते, हे त्यांच्याकडून वदवून घेताना याच विषयावर १८८८ साली ‘वाक्यमीमांसा’ लिहिणाऱ्या आगरकरांचे आम्हांस नेहमी स्मरण होई. अवयव वेगळे करून पाहण्याची ही शिस्त त्यांनी समाजाच्या वादांतही पाळली. म्हणून त्यांचे अल्प चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळील टेंभू गावी गरीब कुटुंबात झाला. विधवाविवाहाचा कायदाही त्याच महिन्यात संमत झाला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. हालअपेष्टांत शिक्षण करीत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. तेथे मिल व स्पेन्सर यांच्या विचारांचा ठसा त्यांच्या मनावर उमटला आणि टिळकांशी स्नेह जडला. एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराचा मोह सोडून त्यांनी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकी पत्करली. १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक तेच होत.

कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याबद्दल ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी तेथील कारभाऱ्यांवर टीका केली. परंतु ज्या पत्रांवर भिस्त ठेवली ती बनावट ठरली. त्यामुळे १८८२ साली टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू शुद्ध असला, तरी आधारच खोटा निघाल्यास अनुमान टिकत नाही, हा बोध या प्रसंगातून आम्ही घेतो.

पुढे समाजसुधारणेवरून दोघा मित्रांत मतभेद वाढले. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला व पुढील वर्षी ‘सुधारक’ काढला. रूढी जुनी आहे एवढ्यावरून ती हितकर ठरत नाही, असे ते बजावीत. सुधारणेसाठी शास्त्रवचनांचा आधार शोधणारे विद्वान त्या काळी पुष्कळ होते; आगरकरांनी मात्र बुद्धीलाच प्रमाण मानले. विधवांचे केशवपन, बालविवाह, स्त्रीशिक्षण या सर्व विषयांना त्यांनी हीच कसोटी लावली.

१८९१ साली संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेणारा कायदा झाला. परक्या सरकारने आमच्या आचारांत हात घालू नये, सुधारणा समाजातूनच व्हावी, असा टिळकांचा पक्ष होता व तो पोकळ नव्हता. आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली. या वादाचे पृथक्करण केले तर दोन प्रश्न निघतात : कायदा कोणी करावा हा एक, आणि बालिकेच्या देहास इजा होते की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा मिटत नाही.

विरोधकांनी तर आगरकरांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. प्रेतयात्रा हे युक्तिवादाचे उत्तर नव्हे. अर्थात आगरकरांची लेखणीही तिखट होती आणि मित्रांतील वाद कधीकधी व्यक्तींवर उतरला, हेही सांगितले पाहिजे.

१८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, ते निवर्तले. ‘केसरी’त त्यांच्यावरील मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

आता आमचा स्वतःचा एक दोष सांगतो. एका सभेत लग्नखर्चाला मर्यादा घालावी, अशी सूचना एका तरुण सभासदाने मांडली. आम्ही तिचा विचार न करता त्याचे वय काढले. सभा हसली, सूचना बारगळली. त्या रात्री घरी आल्यावर, जन्मभर शिकविलेले पृथक्करण ऐनवेळी आपणच विसरलो, याची लाज वाटली. सूचना करणारा कोण हे बाजूला ठेवून सूचना काय आहे एवढेच पुढील सभेत आपण सर्वांनी पाहिले, तर आगरकरांचे स्मरण केल्याचे सार्थक होईल.