लक्ष्मणरावांचा बायोडाटा

फायनल इयर आलं की होस्टेलवर एमबीएच्या फॉर्मची धांदल सुरू होते. इंजिनिअरिंग सोडून धंद्याकडे का वळताय, या रकान्यापाशी सगळेच अडतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो कसा भरला असता?

जन्म 20 जून 1869, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग नीट ओळखूच येईनात. चित्रकला सुटली, यांत्रिक ड्रॉइंग मात्र पक्कं झालं. त्याच्या जोरावर व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा सरळ राजीनामा देऊन बेळगाव गाठलं. भावाबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर.

नांगर काही खपेना! लोखंडानं जमिनीला विष चढतं, असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणतात. आमच्या हिंगोलीच्या काळ्या रानात हरळी खणणाऱ्याला खोल नांगरटीचं मोल सांगायला नको. पण विषाचं नाव ऐकून आमचे आजोबासुद्धा थबकलेच असते. लक्ष्मणराव शेतकऱ्यांवर चिडले नाहीत, नांगर सुधारत राहिले.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी कुंडल रोडजवळ माळरान दिलं, निवडुंगाचं अन् सापांचं. तिथे 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणराव 1956 मध्ये गेले. एमबीए वगैरे काही नव्हतं बरं का!

माझा तो रकाना अजून कोराच आहे. उद्या शेवटची तारीख.