वसईचे हुतात्मे

ज्या नांदेडात गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली देह ठेवला, त्या नगरीला धर्मापायी दिलेल्या प्राणांचे मोल नव्याने सांगावयास नको. तथापि महाराष्ट्राच्याच भूमीत जन्मलेल्या एका ख्रिस्ती हुतात्म्याचे चरित्र मराठवाड्यात क्वचितच कोणास ठाऊक असते. ते वसईचे गोन्सालो गार्सिया होत.

१५५७ च्या सुमारास, पोर्तुगीज अमलाखालील वसईत त्यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता येथलीच. जेझुइट पाद्र्यांपाशी शिकून किशोरवयातच ते त्यांच्याबरोबर जपानात गेले. तेथील भाषा त्यांनी पुरती आत्मसात केली, धर्मशिक्षकाचे काम केले. परंतु वारंवार इच्छा दर्शवूनही त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार धरला व त्यात यश मिळविले. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले. पाद्रीपद त्यांना कधीच लाभले नाही.

१५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता हे फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराचे वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीस गेले, तेव्हा दुभाषी गोन्सालोच होते. क्योतोत चर्च उभे राहिले, महारोग्यांची शुश्रूषा सुरू झाली. पाद्र्यांना हद्दपार करणारे १५८७ चे फर्मान तोवर ढिले पडले होते. पण १५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानी किनाऱ्यावर फुटले आणि पाद्री म्हणजे स्वारीची आघाडी, हा संशय बळावला. तो सर्वस्वी निराधार होता असे आम्हांस म्हणवत नाही. शेजारचे फिलिपाइन्स स्पेनने गिळलेच होते. किंमत मात्र रोग्यांची सेवा करणाऱ्यांनी चुकविली.

क्योतोत कैद्यांच्या कानांचे तुकडे कापून त्यांची धिंड काढली, आणि ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकले. त्यांत २० जपानी होते, काही तर कोवळी मुले. पहिला मान गोन्सालोंचा, असे परंपरा सांगते.

याच काळात गोव्यात, १५६० पासून, इन्क्विझिशन चालू होते. ज्या सत्तेच्या छायेत गोन्सालो वाढले तीच इकडे धर्माच्या नावाने माणसे छळीत होती. हे लपवून त्यांचे चरित्र सांगणे अप्रामाणिकपणाचे. हे पुढे करून त्यांचे मरण लहान ठरविणे अन्यायाचे.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांस संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.