घरी शिकलेली मुलगी : पंडिता रमाबाई



मार्च २०२० मध्ये देशभरच्या शाळा बंद झाल्या आणि घराघरांतल्या जेवणाच्या टेबलावर वर्ग भरू लागले. पुढे शाळा उघडल्या, मुले परत वर्गात गेली; पण काही पालकांच्या मनात एक प्रश्न राहिलाच. मूल घरीच शिकले तर? आता अशी सोयही झाली आहे की, घरी शिकणारी पाचसहा मुले ठरलेल्या वेळी संगणकासमोर बसतात, एक शिक्षक त्यांच्याशी बोलतो, आणि सगळी मिळून एखादा प्रकल्प करतात. सहावी ते आठवीच्या वयाच्या मुलांसाठी ही पद्धत बरी की वाईट, यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलले जाते.

घरी शिकणे ही आपल्याकडे नवी टूम मुळीच नाही. मराठी समाजातली एक थोर विदुषी शाळेची पायरी न चढता घडली. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या विद्वत्तेविषयी आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण घरच्या त्या शिक्षणाने त्यांना काय दिले, काय दिले नाही, आणि जे राहून गेले त्याची भरपाई त्यांनी पुढे शेकडो मुलींसाठी कशी केली, हे समजून घेण्यासारखे आहे.

आईच्या मांडीवरची शाळा

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. तरुणपणी ते पुण्यात शिकत होते. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या तोंडून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून अनंतशास्त्री थक्क झाले. आपणही आपल्या पत्नीला शिकवायचे, असे त्यांनी तेव्हाच ठरवले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे ते जमले नाही. तिच्या मृत्यूनंतर त्यांचा विवाह लक्ष्मीबाईंशी झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे लक्ष्मीबाई तेव्हा अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. शास्त्रीबुवांनी त्यांना संस्कृत शिकवायला घेतले आणि गावात गदारोळ उठला. शास्त्रीबुवांनी धर्मसभेपुढे उभे राहून शास्त्रांच्याच आधारे आपली बाजू मांडली. शेवटी गाव सोडून त्यांनी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

मूल सहा महिन्यांचे असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटीत घालून, माणसाच्या डोक्यावरून, रमाबाईंचा पहिला प्रवास झाला. पुढची कितीतरी वर्षे या कुटुंबाला घर असे नव्हतेच. देवळाच्या ओवरीत मुक्काम करायचा, पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची आणि पुढच्या तीर्थाला निघायचे.

या भटकंतीत शिक्षण मात्र एक दिवसही थांबले नाही. वडील थकले होते, म्हणून रमाबाईंना आईने शिकवले. दिवसभर स्वयंपाक, पाणी, आल्यागेल्याचे पाहणे यांतून लक्ष्मीबाईंना सवड नसे. त्यासाठी त्यांनी पहाटेची वेळ निवडली. झोपलेल्या लेकीला त्या मांडीवर घेत, तिचे डोळे चोळून तिला जागे करीत, आणि पाखरे किलबिलू लागण्याच्या आधीच धडा सुरू होई. वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत हा क्रम चालला. म्हणजे आज आपण ज्याला उच्च प्राथमिक शाळेचे वय म्हणतो, तेच सगळे वय त्यात आले. व्याकरण झाले, कोश झाला, भागवताचे सुमारे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले. शिवाय पायी फिरताना कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली या भाषा त्या त्या मुलखातल्या माणसांकडून आपोआप येत गेल्या.

एक शिक्षक, एक शिष्या, रोजची ठरलेली वेळ आणि कधी न चुकलेला नेम. घरच्या शिक्षणाचे बळ यातच होते.

त्या शिक्षणाची उणी बाजू

आता दुसरी बाजू पाहू. सन १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने जोर धरला. डोंगरे कुटुंबाजवळची पुंजी दानधर्मात आणि तीर्थक्षेत्री खर्च होऊन गेली होती. घरात पाच विद्वान माणसे होती, पण मजुरी करून चार पैसे मिळवण्याची विद्या एकालाही येत नव्हती. भीक मागणे मानी स्वभावाला जमेना आणि अंगमेहनतीचे काम कोणी कधी केलेलेच नव्हते. भांडीकुंडी, दागिने, कपडे विकून काही दिवस गेले. मग झाडपाल्यावर दिवस काढायची पाळी आली. आधी वडील गेले, काही आठवड्यांनी आई गेली आणि पुढे मोठी बहीण कृष्णाबाईही गेली. आईच्या वेळी खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत. रमाबाईंनी स्वतः खांदा दिला; आणि त्या उंचीने लहान, म्हणून तिरडीची बाजू त्यांना डोक्यावर घ्यावी लागली.

उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, देशभर पायी हिंडली. उत्तरेत झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या. मूठभर दाणे पाण्यात भिजवून, मिठाबरोबर खाऊन दिवस काढले. अठरा हजार श्लोक पाठ असलेली मुलगी उपाशी होती. ही गोष्ट रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत. उतारवयात लिहिलेल्या आत्मकथनातही, पोट भरण्याची व्यवहारी विद्या आपल्या घरात कोणालाच नव्हती याची खंत त्यांनी मोकळेपणाने मांडली आहे. आईवडिलांविषयीचा आदर तसूभरही कमी न करता त्यांनी हा दोष सांगितला, हे विशेष.

चार भिंतींबाहेर

सन १८७८ मध्ये भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. घरात मिळवलेली विद्या पहिल्यांदाच जाणकारांच्या कसोटीला लागली. सन १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मुलगी मनोरमा काही महिन्यांची असतानाच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पतीचेही निधन झाले.

त्याच वर्षी रमाबाई पुण्यात आल्या. आर्य महिला समाज स्थापन झाला. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी मराठीतून साक्ष दिली. मुलींना शिकवायला प्रशिक्षित स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, ही त्यांची मागणी होती. सन १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इतर विषय शिकत. एकाच इमारतीत त्या शिक्षिकाही होत्या आणि विद्यार्थिनीही.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी यांचा डॉक्टर म्हणून पदवीदान समारंभ झाला. तो पाहायला रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तिथेच राहिल्या. तिथे त्यांनी फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची बालोद्यान पद्धत मन लावून शिकून घेतली. लाकडी ठोकळे, चेंडू, माती, कागद हाताळत, बागेत काम करत मूल शिकते, नुसते ऐकून नव्हे, हे त्या पद्धतीचे सूत्र. लहानपणी ज्यांचे सारे शिक्षण कानाने आणि जिभेने झाले, त्यांना हातांनी शिकण्याचे मोल चटकन कळले असले पाहिजे.

दोन मुलींची शाळा

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ सुरू झाले. पहिल्या दिवशी मुली होत्या फक्त दोन. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे झाली. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, हे आपण जाणतोच. दोन मुलींच्या वर्गाची सावली किती लांब पडू शकते, ते यावरून दिसते.

शारदा सदन १८९० मध्ये पुण्यात आले. तिथे मुली शिकत, घरासारख्या एकत्र राहत. मोठ्या मुली लहानींना सांभाळत. पण १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. संस्थेत कोणाच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असे वचन होते; काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात असे कळल्यावर ते मोडले, असा आरोप झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे होते. मूल दुसऱ्याच्या हाती सोपवताना पालक विश्वास सोपवत असतात आणि तो सांभाळणे किती नाजूक काम आहे, एवढे आपण त्यातून घ्यावे.

हाताला काम, डोक्याला विद्या

सन १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. आजच्या मध्य प्रदेशाचा मोठा भाग त्या प्रांतात होता, म्हणजे ही आपल्याच राज्याची गोष्ट. रमाबाईंना आपला जुना दुष्काळ आठवला. त्या स्वतः इकडे आल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुलींना घेऊन परतल्या. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगाव येथे त्यांनी जमीन घेतलेली होती. तिथे १८९८ मध्ये ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. सन १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर ही वसाहत सुमारे दोन हजारांवर गेली.

इथे रमाबाईंनी आपल्या घरच्या शाळेतली उणीव भरून काढली. मुक्तीत लिहिणे-वाचणे होतेच, पण प्रत्येकीच्या हाताला कामही होते. मुली शेत करीत, गोठा सांभाळीत, घाण्यावर तेल काढीत, मागावर कापड विणीत, शिवण शिवीत. छापखाना तर पूर्ण बायकांच्या हाती होता. खिळे जुळवणे, छपाई, पुस्तकबांधणी सगळे त्याच करीत. जे शिकायचे ते वापरायचे आणि जे वापरायचे ते समजून घ्यायचे. अक्षरओळख झालेल्या मुलीला छापखान्यात तेच अक्षर उलटे, शिशाचे, हातात धरायला मिळे. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याची सोय केली.

रमाबाईंचे स्वतःचे शिक्षणही थांबले नव्हते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले आणि त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. सन १९१९ मध्ये सरकारने त्यांना ‘कैसर-ए-हिंद’ पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. ज्या लेकीच्या हाती काम सोपवायचे ती आधी गेली. तरीही भाषांतराचे काम पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावची संस्था त्यांच्या पश्चातही चालू राहिली.

आपण काय घ्यावे?

मूल घरी शिकवा किंवा शाळेत पाठवा, हा निर्णय ज्या त्या कुटुंबाचा. पण रमाबाईंच्या चरित्रातून तीन गोष्टी ठळक दिसतात. घरच्या शिक्षणाला लक्ष्मीबाईंसारखा रोजचा नेम लागतो. सवड मिळेल तेव्हा शिकवू म्हणून ते होत नाही. दुसरे, घरात शिकलेले ज्ञान केव्हातरी चारचौघांत तपासून घ्यावे लागते. म्हणूनच एकट्या मुलापेक्षा पाचसहांचा गट बरा, मग तो समोरासमोर भरो की संगणकावर. आणि तिसरे सर्वांत महत्त्वाचे, ज्या शिक्षणात हात रिकामे राहतात ते संकटात अपुरे पडते. पडद्यावर उत्तम प्रकल्प दाखवणाऱ्या मुलाने सुईत दोरा ओवला आहे का, रोप लावून वाढवले आहे का, हेही विचारले पाहिजे.

येत्या सुट्टीत आमच्या पलासियातल्या सहावी ते आठवीच्या मुलांनी, शाळेत शिकणाऱ्या आणि घरी शिकणाऱ्याही, चौघापाचांचे गट करून एक काम जरूर करावे. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी जलूदहून घाट चढून इंदूरपर्यंत कसे येते, ते शोधावे. नकाशा काढावा, घरातल्या वडीलधाऱ्यांना नर्मदा येण्याआधीच्या पाण्याच्या आठवणी विचाराव्यात, आपल्या घरी दिवसाला किती बादल्या लागतात ते आठवडाभर मोजावे, आणि लाकूड-मातीची एक प्रतिकृती स्वतःच्या हातांनी करावी. परगावी असलेल्या मित्राला संगणकावरून गटात घेतले तरी चालेल. मात्र त्यानेही आपल्या घरच्या बादल्या मोजायच्या. काम पुरे झाले की वही आणि प्रतिकृती शाळेत आणून दाखवा. चांगल्या वह्यांतला मजकूर या वार्तापत्रात छापू.