अनायरिन बेव्हन

अनायरिन बेव्हन (१५ नोव्हेंबर, १८९७ – ६ जुलै, १९६०) हे ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते आणि तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेचे शिल्पकार होते. त्यांचा जन्म वेल्समधील ट्रेडेगर येथे खाणकामगाराच्या कुटुंबात झाला. वयाच्या तेराव्या वर्षी तेही कोळशाच्या खाणीत कामाला लागले. १९२५ मध्ये त्यांचे वडील कोळशाच्या धुळीमुळे जडलेल्या फुफ्फुसविकाराने वारले. त्या काळी या विकारासाठी नुकसानभरपाई मिळत नसे. ट्रेडेगरचे कामगार वेतनातून वर्गणी काढून परस्परांच्या औषधोपचारांचा खर्च भागवीत. हीच सोय देशातील प्रत्येकाला मिळावी, अशी बेव्हन यांची भूमिका होती.

१९२९ मध्ये ते संसदेवर निवडून आले व १९४५ मध्ये आरोग्यमंत्री झाले. त्यांनी रुग्णालयांचे राष्ट्रीयीकरण केले. डॉक्टरांच्या संघटनेने तीव्र विरोध केला. तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी व्यवसायाची मुभा देऊन त्यांनी तो सौम्य केला. ५ जुलै, १९४८ रोजी ही सेवा सुरू झाली. तिचा खर्च मुख्यतः करांतून होई आणि उपचारांच्या वेळी रुग्णाला पैसे द्यावे लागत नसत. १९५१ मध्ये सरकारने कृत्रिम दात व चष्मे यांवर शुल्क लावण्याचे ठरविले, तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.