लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर

उर्दूत आपण ज्याला हल म्हणतो, त्याला मराठीत नांगर म्हणतात. आपल्या मुरुडच्या आसपास काळी, चिकट जमीन आहे. ट्रॅक्टर येण्यापूर्वी ती नांगरणे किती कठीण होते, हे घरातल्या बुजुर्ग माणसांना विचारा.

लोखंडी नांगर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. त्यांना चित्रकार व्हायचे होते. म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पण काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नसे! रंग सुटले, तरी रेघ सुटली नाही. ते यंत्रांची चित्रे काढण्यात तरबेज झाले आणि मुंबईतच एका तंत्रशाळेत शिकवू लागले. पुढे हक्काची बढती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. भाऊ रामुअण्णा यांच्यासह बेळगावात ते सायकली विकू लागले. मग कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

आता दोन्ही नांगरांतला फरक नीट समजून घ्या. लाकडी नांगराच्या टोकाला लोखंडी फाळ असतो. तो जमीन चिरत जातो, पण माती उलटवत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक रुंद, वळवलेले पाते असते. फाळाने कापलेली माती त्या पात्यावर चढते आणि बाजूला उलटी पडते. त्यामुळे गवताची मुळे वर येतात व उन्हात वाळतात. हरळीने भरलेले रान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको.

तरीही नांगर खपेना. लोखंडामुळे जमिनीत विष पसरेल, असे लोकांना वाटे. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. विचार करा, दोन वर्षे कारखान्यात माल पडून!

पण शेतकऱ्याला अडाणी म्हणून हसू नका. लाकडी नांगर गावचा सुतार बनवत असे आणि मोडला तर तोच दुरुस्त करी. परदेशी लोखंडी नांगराचा एखादा भाग तुटला, तर तो कोठून आणायचा? हा प्रश्न मला तरी अगदी रास्त वाटतो. सुटे भाग इथेच तयार झाले, तेव्हा त्याचे उत्तर मिळाले. विषाच्या शंकेचे उत्तर मात्र दुकानात बोलून देता येण्यासारखे नव्हते. नांगरलेल्या रानात पीक उभे राहिले, तरच ते मिळणार होते. हळूहळू मागणी वाढू लागली.

तोच नवे संकट आले. बेळगावची जागा नगरपालिकेने मागितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळजमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी निकामी झालेल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्या लोखंडाचे नांगर झाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. तोपर्यंत लोखंडी नांगर महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या नेहमीच्या वापरातला झाला होता.