होळकरांचे एक कोटी आणि इंदूरचे रूळ

इंदूरच्या विजय नगर चौकातून जाणाऱ्या आग्रा-मुंबई रस्त्यावर २०१३ साली बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक अशी सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीची ती मार्गिका अवघ्या बारा वर्षांत न्यायालयाच्या आदेशाने मोडीत निघाली. आता या भागाला मेट्रोची प्रतीक्षा आहे. तिचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ रोजी सुपर कॉरिडॉरवर सुरू झाला असून, प्रकल्पासाठी आंतरराष्ट्रीय बँकेचे कर्ज घ्यावे लागले आहे. दीडशे वर्षांपूर्वी मात्र याच शहराच्या राजाने रूळ टाकण्यासाठी इंग्रज सरकारला कर्ज दिले होते. त्या राजाचे नाव तुकोजीराव होळकर, दुसरे.

१८३५ साली जन्मलेले तुकोजीराव १८४४ मध्ये, नवव्या वर्षी, दत्तकविधानाने गादीवर आले. यशवंतराव होळकरांच्या पत्नी माँसाहेब कृष्णाबाई यांनी त्यांची निवड केली होती. १८५२ साली राज्याची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली आणि पाचच वर्षांत त्यांच्यावर आयुष्यातील सर्वांत अवघड प्रसंग ओढवला. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. हल्लेखोरांत होळकरांचे स्वतःचे सैनिक होते. रेसिडेन्सीचा कारभार पाहणारा ड्युरंड शहर सोडून गेला. आश्रयाला आलेल्या युरोपियनांना स्वाधीन करण्याची बंडवाल्यांची मागणी तुकोजीरावांनी धुडकावली. तरीही ड्युरंडच्या मनातील संशय गेला नाही. बंडानंतर ग्वाल्हेर आणि भोपाळला मुलूख बक्षीस मिळाला. इंदूरच्या वाट्याला तसे काही आले नाही. ही सल त्यांना पुढे दीर्घकाळ बोचत राहिली.

राजकारणाची वाट अशी अरुंद झाल्यावर त्यांनी आपली हुशारी जमाखर्चाकडे वळवली. महसुलाची घडी बसवताना त्यांनी शेतकऱ्यांवर फारशी दयामाया दाखवली नाही, हे त्यांच्या गौरवपर चरित्रांत सहसा येत नाही. पण साठलेला पैसा केवळ तिजोरीत पडून राहिला नाही. इंदुरात संस्थानच्या मालकीची कापडगिरणी उभी राहिली. १८७३ ते १८७५ या काळात टी. माधवराव यांच्यासारखा नाणावलेला प्रशासक दिवाण म्हणून लाभला.

खरा प्रश्न होता तो वाहतुकीचा. १८७० मध्ये मुंबईहून खंडव्यामार्गे जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग पूर्ण झाला. माळव्याची अफू आणि कापूस यांचा व्यापार इंदुरातून चाले. पण पठारावरचे हे शहर लोहमार्गापासून दूर, नर्मदेच्या आणि विंध्याच्या घाटाच्या पलीकडे राहिले होते. बैलगाड्यांचा भरवसा धरून बसले तर पेठ ओस पडणार, हे तुकोजीरावांनी ओळखले. त्यांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, तब्बल १०१ वर्षांच्या मुदतीने सरकारला देऊ केले. जमीनही दिली. ज्या सरकारचा आपल्यावर विश्वास नाही त्याच्याच हाती एवढी रक्कम सोपवणे, हे धाडस होते तसाच तो चोख व्यवहारही होता. मात्र त्याची किंमत होती: रेल्वेच्या पट्ट्यावरील अंमल होळकरांचा राहिला नाही.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी धावू लागली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खंडवा ते सनावद हा होळकर रेल्वेचा पहिला टप्पा खुला झाला. पुढे नर्मदेवर पूल झाला, चोरल नदीच्या खोऱ्यातील अवघड चढणीवर बोगदे खोदले गेले आणि १८७७-७८ च्या सुमारास गाडी इंदूरला पोचली. रूळ एक मीटर रुंदीचे; पुढे दूधसागराच्या घाटातून मुरगावला उतरलेल्या गोव्याच्या मार्गाचीही रुंदी तीच होती. पहिले इंजिन हत्तींनी ओढून आणले, असे इंदुरात अजून सांगतात.

गाडी आली तरी शहरातल्या शहरात फिरण्यासाठी टांगाच राहिला. मुंबईची ट्राम १९०७ मध्ये विजेवर गेली, ३१ मार्च १९६४ च्या रात्री थांबली. इंदूरच्या रस्त्यांवर तेवढेही रूळ कधी उतरले नाहीत. बसची मार्गिका आणि आताची मेट्रो या त्याच राहून गेलेल्या कामाच्या पुढच्या खटपटी होत.

तुकोजीरावांचे निधन १८८६ साली झाले. त्याआधीच त्यांची रेल्वे राजपुताना-माळवा रेल्वेत विलीन झाली होती. कर्जाची १०१ वर्षे पुरी होण्यापूर्वी इंग्रज सत्ता गेली आणि १९४८ मध्ये होळकरांचे संस्थानही मध्य भारतात विलीन झाले. मीटर गेज रूळही आता जवळपास सगळे उखडले गेले आहेत. अपवाद पाताळपाणी ते काळाकुंड या घाटाच्या तुकड्याचा. तेथे २०१८ पासून पर्यटकांसाठी गाडी चालवली जाते.