लोक कसे वागतील आपल्याशी?

मैत्रिणींनो, गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या गावापासून अजिंठ्याची लेणी तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत. त्यामुळे इथल्या स्टँडवर अधूनमधून परदेशी पाहुणे दिसतात. त्या दिवशी एक साठीची गोरी बाई एकटीच बाकावर बसली होती. तिची बस यायची होती की निघून गेली होती, कोण जाणे. भोवती पंधरा-वीस माणसांचं कोंडाळं. कॉलेजची दोन-तीन पोरं तिला न विचारताच मोबाइलवर फोटो काढत होती. ती हसत होती खरी, पण पिशवी तिने छातीशी घट्ट धरली होती.

मी बचत गटाची मीटिंग आटोपून घरी निघाले होते. थांबावंसं फार वाटलं. पण बी.ए. झाले असले तरी इंग्रजी बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. चारचौघांत आपलं हसं होईल, या भीतीने मी तशीच पुढे गेले. लांबून वळून पाहिलं, तर कोपऱ्यावरच्या चहावाल्या काकूंनी पोरांना हाकललं होतं आणि त्या बाईला आपल्या टपरीत बसायला स्टूल दिलं होतं. काकू चौथी शिकलेल्या! मला फार लाज वाटली.

रात्री झोप येईना. त्या बाईच्या मनात काय चाललं असेल? इथले लोक कसे असतील, फसवतील का, छेड काढतील का, मदत करतील का... तेव्हा मला एक जुनी बाई आठवली. तिनेही हीच धास्ती मनात घेऊन दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली होती, आणि आपल्या याच मुलखातून बैलगाडीने गेली होती. तिचं नाव ईडा फायफर. नाव ऐकून इडा-पिडा आठवली ना? मलाही आठवली होती!

ईडाचा जन्म १७९७ सालचा, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातला. वडील कापडाचे मोठे कारखानदार. भावांच्या घोळक्यात ही एकटी मुलगी. वडिलांनी तिला मुलासारखंच वाढवलं, कपडेही मुलांचेच घालू दिले. ती नऊ वर्षांची असताना वडील गेले आणि सगळं बदललं. आईने झगे घालायला लावले, शिवणटिपण, पियानो, बाईची रीत शिकवायला सुरुवात केली. पुढे घरी शिकवायला येणाऱ्या मास्तरांवर तिचं मन जडलं. आईने ते लग्न होऊ दिलं नाही. शेवटी १८२० साली, बाविसाव्या वर्षी, तिने आपल्याहून चोवीस वर्षांनी मोठ्या विधुर वकिलाशी, डॉ. फायफर यांच्याशी लग्न केलं.

नवरा सरळमार्गी होता, आणि तेच त्याला नडलं. सरकारी अधिकाऱ्यांचा भ्रष्टाचार त्याने उघड केला आणि त्याची वकिली बसली. घरात चणचण सुरू झाली. श्रीमंताची ही लेक चोरून संगीताच्या आणि चित्रकलेच्या शिकवण्या करू लागली, कारण दोन मुलांच्या ताटात काहीतरी वाढायला हवं होतं. आई वारल्यावर थोडा पैसा हाती आला. मग ती मुलांना घेऊन व्हिएन्नाला आली, त्यांना शिकवलं, मार्गी लावलं. नवरा १८३८ साली गेला.

आता उरलं काय? नातवंडांची वाट बघत, जपमाळ ओढत बसायचं. पण लहानपणी नकाशे बघताना मनात जे बी पडलं होतं, ते इतकी वर्षं सुकलं नव्हतं.

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मार्च १८४२ मध्ये, ईडा घराबाहेर पडली. (माझंही वय आज साधारण तेच आहे, म्हणून हा आकडा वाचताना मी थबकले होते.) नातेवाइकांना सांगितलं की कॉन्स्टँटिनोपलला मैत्रिणीकडे जाऊन येते. खरं सांगितलं असतं तर कोणी सोडलंच नसतं, कारण तिला गाठायचं होतं थेट जेरुसलेम! एकट्या बाईने असा प्रवास करणं त्या काळी युरोपातसुद्धा वेडेपणाचं समजलं जाई. परत येऊ की नाही, याची तिलाही खात्री नव्हती. निघण्यापूर्वी तिने मृत्युपत्र करून ठेवलं होतं. म्हणजे भीती होतीच. ती घरी ठेवून निघता येत नाही, सोबतच न्यावी लागते. डिसेंबरमध्ये ती सुखरूप परतली. प्रवासाची वही एका प्रकाशकाने छापली. त्या पैशांतून ती १८४५ साली आइसलंडला गेली. आणि १८४६ साली निघाली ती थेट पृथ्वीला वळसा घालायला.

सगळीकडे तिचं स्वागत झालं असं मुळीच नाही. ब्राझीलमध्ये जंगलाच्या वाटेवर एका माणसाने तिच्यावर चाकूने हल्ला केला. हातातली छत्री मोडेपर्यंत ती लढली, दंडावर जखमा झाल्या. घोडेस्वार वेळेवर आले म्हणून वाचली. चीनमधल्या कँटन शहरात रस्त्याने चालताना लहानथोर तिच्याकडे बोटं दाखवून ओरडत. अफूच्या युद्धात इंग्रजांनी चीनला नमवून जेमतेम पाच वर्षं झाली होती. तिथला राग तिच्या एकटीवर नव्हता, तिच्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्यांवर होता. परदेशी पाहुण्याला आपल्या देशाचं गाठोडंही डोक्यावर वाहावं लागतं, ते असं!

तिथून सिंगापूर, श्रीलंका करत ती १८४७ च्या अखेरीस कलकत्त्याला उतरली. काशी, आग्रा, दिल्ली पाहिली. दिल्लीहून मुंबईला यायचं होतं. आगगाडी आपल्याकडे १८५३ साली आली, त्यामुळे रस्ता होता तो बैलगाडीचा. दिल्लीत लोकांनी तिला ठगांच्या गोष्टी सांगून घाबरवलं. हे ठग वाटेत प्रवाशांशी गोड बोलून सलगी करत आणि रुमालाने गळा आवळत. त्यांचा बंदोबस्त कंपनी सरकारने बराचसा केला होता, पण दहशत लोकांच्या मनात होतीच. तरी ईडा निघाली. सोबत भाड्याने ठरवलेली माणसं. सामान किती, तर पाण्याची कातडी पिशवी, शिजवायला एक छोटं भांडं, मीठ, तांदूळ आणि थोडी भाकरी. आपण दोन दिवसांच्या लग्नाला जाताना किती बॅगा भरतो, आठवा जरा!

भरतपूर, कोटा, इंदूर करत ती खाली आली. वाटेतल्या धर्मशाळांच्या उघड्या ओसरीवर झोपली. ठग काही भेटले नाहीत. भेटले ते साधे गावकरी, आणि त्यांच्या चांगुलपणाची नोंद तिने आपल्या पुस्तकात आवर्जून केली. मग अजिंठा, वेरूळ, दौलताबादचा किल्ला, औरंगाबाद म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, पुणे आणि मुंबई. मैत्रिणींनो, १८४८ सालच्या सुरुवातीची ही गोष्ट. याच वर्षी सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली. आपल्या आज्यांच्या पणज्या तेव्हा विहिरीवर पाणी भरत असतील, आणि त्यांच्या समोरून ही पन्नाशीची गोरी बाई बैलगाडीतून गेली असेल. पदर तोंडाला लावून त्या नक्की हसल्या असणार. पण तिला पाणी हवंय हे खुणेने कळलं की त्यांनी घागर वाकवलीही असणार.

एक गोष्ट मात्र मला खटकते, ती सांगायलाच हवी. इथे तिच्या गोऱ्या रंगामागे कंपनी सरकारचा धाक उभा होता. जवळ साहेबांची शिफारसपत्रं होती. गावकऱ्यांनी दिलेल्या मदतीत प्रेम किती आणि भीती किती, हे वेगळं कसं काढणार? शिवाय पाहुणी म्हणूनही ती काही गरीब गाय नव्हती. कोण दिसायला कसं, कोण किती अस्वच्छ, यावर तिचे शेरे फटकळ आहेत. स्थानिक लोक आपल्याला कसे तोलतील याची धास्ती घेऊन निघालेली ही बाई, त्या लोकांना मात्र पटकन तोलून मोकळी व्हायची. आपणही करतोच की असं. नवीन शेजारीण राहायला आली, की ती आपल्याला काय म्हणेल या काळजीत असताना आपण तिचे पडदे, तिची भांडी नजरेनेच मोजत असतो.

मुंबईहून बोटीने ती बसऱ्याला गेली आणि तिथून बगदादला. पुढे मोसुलपर्यंतचं वाळवंट तिने व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर पार केलं. इथे कंपनी सरकारचा धाक नव्हता. उन्हाळा आग ओकत होता, अंगावर तिकडच्या बायकांचे कपडे, भाषा अर्धवट. मोसुलहून पुढे इराणकडे जाणारा डोंगराळ रस्ता लुटारूंचा म्हणून प्रसिद्ध होता. तिथे तिने एक काम केलं. आपल्या टिपणांचे सगळे कागद युरोपला पाठवून दिले. आपलं वाटेत काही बरंवाईट झालं, तर निदान हे मुलांच्या हाती पडावं, म्हणून. आई ती आईच. मुलुख पालथा घालत होती, पण जीव घरी होता.

त्या वाटेवर ती सुखरूप राहिली. कुर्दी वस्त्यांमध्ये बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या, तिला न्याहाळायच्या, घरात जागा द्यायच्या. इराणमधल्या तब्रीझला ती पोहोचली, तेव्हा तिथल्या इंग्रज वकिलाला खरंच वाटेना की एकटी बाई या रस्त्याने जिवंत आली.

आणि आता ऐका गंमत. पुढे रशियाची हद्द लागली. आता आपल्या धर्माचे लोक, आपल्यासारखी माणसं, म्हणून ती निर्धास्त झाली. आणि तिथेच एका संध्याकाळी, तांड्यापासून जरा लांब फिरत असताना, कोसॅक शिपायाने तिला पकडून गाडीत कोंबलं. रात्रभर डांबून ठेवलं. सकाळी पासपोर्ट बघितल्यावर सोडलं, दिलगिरीचा शब्द नाही. अरबांनी, कुर्दांनी, इराण्यांनी जे केलं नाही, ते आपल्याच माणसांनी केलं, याचा तिला फार संताप आला.

दुसरी पृथ्वीप्रदक्षिणा १८५१ ते १८५५. बोर्निओ बेटावरचे दायाक लोक शत्रूची मुंडकी कापून घरात टांगतात, अशी त्यांची ख्याती. ईडा त्यांच्यात राहिली आणि त्यांचा प्रामाणिकपणा, घरातली प्रेमाची वागणूक पाहून चकित झाली. युरोपातल्या लढायांमध्ये काय कमी मुंडकी उडाली, असंही तिला वाटून गेलं. सुमात्रा बेटावर बताक लोकांच्या मुलखात ती शिरली १८५२ मध्ये. हे लोक नरभक्षक समजले जात, पूर्वी दोन अमेरिकन मिशनऱ्यांना त्यांनी मारलं होतं. भालेवाल्यांनी तिला वेढलं, गळा कापून खाऊन टाकू अशा खुणा केल्या. तिने अगोदरच त्यांच्या भाषेतलं एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. मोडक्यातोडक्या बोलीत तिने सांगितलं, की मी म्हातारी बाई, माझं मांस चिवट लागेल. ते पोट धरून हसले आणि वाट मोकळी झाली. थोड्या दिवसांनी त्यांनी तिला परत पाठवलं, ती मुकाट्याने परतली. मोडकी भाषासुद्धा जीव वाचवते बायांनो, आणि मी म्हणे इंग्रजी चुकेल म्हणून स्टँडवरून निघून आले!

शेवटचा प्रवास मादागास्करचा. तिथे ज्या युरोपीय मंडळींबरोबर ती गेली, ते राणी रानावलोनाला गादीवरून खाली ओढायच्या कटात होते. ईडा त्यात नकळत ओढली गेली. जुलै १८५७ मध्ये राणीने सगळ्यांना हाकललं. काही दिवसांत संपणारा किनाऱ्यापर्यंतचा रस्ता मुद्दाम रेंगाळत त्रेपन्न दिवसांचा केला. तापाने फणफणलेली ईडा त्या दलदलीतून गेली. तो ताप शेवटपर्यंत उतरला नाही. ऑक्टोबर १८५८ मध्ये व्हिएन्नात भावाच्या घरी ती गेली. वय एकसष्ट. राणीला तरी दोष कसा द्यायचा? पाहुणे घर बळकवायला आलेले असतील, तर यजमान दार लावणारच.

बर्लिनच्या भूगोल संस्थेने तिला मानाचं सभासदत्व दिलं होतं. लंडनच्या संस्थेने मात्र बाई म्हणून दिलं नाही. नरभक्षकांनी वाट दिली, पण विद्वानांनी दार उघडलं नाही!

मी हे सगळं आमच्या गटाच्या पुढच्या मीटिंगमध्ये सांगितलं. एक जण म्हणाली, ताई, आपल्या गावात परकी बाई उतरली तर तिला पहिली अडचण कसली येत असेल? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, बाथरूमची. खरंच की! आपल्यालाही परगावी गेलं की तीच धास्ती असते. चहावाल्या काकूंचं घर स्टँडच्या मागेच आहे. त्यांनी लगेच सांगितलं, कोणीही असू दे, माझ्याकडे पाठवा.

मागच्या महिन्यात स्टँडवर दोन परदेशी मुली दिसल्या, पाठीवर भल्यामोठ्या सॅक. पोरं भोवती जमायला लागली होती. माझ्या पोटात गोळा आला, पण या वेळी मी थांबले. पोरांना दटावलं. मग मुलींना इंग्रजीत काहीतरी विचारलं, ते चुकलंच असणार. त्यांना अर्धंच कळलं. पण काकूंच्या घराकडे हात केला, तेव्हा दोघींच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, त्याला भाषांतराची गरज नव्हती.

निघताना एकीने पिशवी काकूंच्या स्टुलावर ठेवली आणि दुसरीबरोबर खुशाल हात धुवायला गेली. पिशवी छातीशी धरली नव्हती तिने. मी ती सांभाळत उभी राहिले.